साडेबत्तीस इंच

"सायब हल्ली दिसंल त्याला भरती करून घेतुया. आन ह्याला परत धाडला. म्हंजी बग गड्या, छाती हाय का दाराची फळी."

साताऱ्याहून निघालेल्या सर्व्हिस मोटारीत मागच्या बाकावरचा एक पेन्शनर शिपाई शेजारच्याला हे सांगत होता. अगदी हळू, म्हणजे पुढच्या तीनच बाकांना ऐकू जाईल इतपत. ज्याच्या छातीबद्दल चाललं होतं तो माझा थोरला भाऊ माझ्याच शेजारी खिडकीला डोकं टेकून बसला होता. पलीकडे माझे चुलते होते. त्यांनी ते ऐकल्याबरोबर डोळे मिटले आणि गाढ झोप लागल्यासारखे श्वास सोडायला सुरुवात केली. मी समोरच्या माणसाच्या पटक्याकडे पाहत राहिले. इंग्रजी शाळेत शिकलेल्या मुलीला मराठी नीट कळत नाही असा आमच्या भागात समज होता. तो मी कधी दुरुस्त केला नाही. त्यामुळे पुष्कळ ऐकायला मिळालं.

आबांनी, म्हणजे या चुलत्यांनी, त्या दिवशी एका खेपेत दोन कामं काढली होती. पाचगणीच्या शाळेतलं माझं शेवटचं वर्ष नाताळाआधीच संपलं होतं, म्हणून मला ट्रंकेसकट साताऱ्यात उतरवून घ्यायचं होतं. आणि दादाला भरतीला उभं करायचं होतं. मी ट्रंकेसकट मिळाले. दादाही परत मिळाला, हीच अडचण. छाती तेहतीस इंच लागत होती, त्याची एकतीस भरली. साहेब म्हणाला, पाडवा झाला की आणा, आणखी एकदाच बघेन, पुन्हा नाही.

आमच्या घरातले पुरुष दोनच कामं करत: उसाला पाणी पाजत, नाही तर पलटणीत जात. आबा हवालदार होऊन पेन्शनीत आले होते. वडील सुभेदार होते आणि त्या वेळी लढाईवर होते. कुठे, ते पत्रात लिहू देत नसत. त्यांच्या साहेबाच्या मडमेनं सुचवलं म्हणून त्यांनी मला पाचगणीला घातलं होतं. मुलीला इंग्रजी आणि मुलाला पलटण असा त्यांचा बेत होता. मुलीचं इंग्रजी पुरं झालं होतं. मुलाला दोन इंच कमी पडत होते. दादाला एरवी पलटणीपेक्षा बैलांचा शौक जास्त होता, पण त्या मोटारीतून उतरला तो भरती व्हायचं ठरवूनच उतरला. माणसाला लढाईवर पाठवायला शत्रूपेक्षा मागच्या बाकावरचे दोघे पुरतात, हे मला तेव्हा कळलं.

दुसऱ्या दिवशी उजाडताच आबांनी दादाच्या हातात घरातलं मुसळ दिलं. बंदूक नव्हती म्हणून मुसळ. ते दोन्ही हातांनी डोक्यावर धरून घरापासून कृष्णेच्या घाटापर्यंत पळायचं, घाटाला पाय लावायचा आणि तसंच परत यायचं. आबा कट्ट्यावर बसून "लेफ्ट राइट" म्हणत. दादा दिसेनासा झाला तरी म्हणत. काकीला, म्हणजे त्यांच्या बायकोला, कांडायला मुसळ लागे तेव्हा ते घाटावर गेलेलं असे. तिनं दोन दिवस वाट पाहिली आणि तिसऱ्या दिवशी शेजारणीकडून मागून आणलं. पळण्याच्या वेळा बदलण्याचा विचार कुणाच्या मनात आला नाही.

आठवड्याभरात तालमीचे वस्ताद घरी आले. हे लांबचे भाऊबंद. गावातल्या निम्म्या पुरुषांना त्यांनी लाल मातीत लोळवलेलं होतं. आपल्याला न विचारता एका पोराची छाती वाढवायचं चाललंय याचं त्यांना वाईट वाटलं होतं. ते तसं म्हणाले नाहीत. ते म्हणाले, पळून पायाला येतं, छातीला काय येणार. मग दादा घाटावरून परत आला की मुसळ दारात ठेवून तालमीत जायचा आणि तीनशे जोर, पाचशे बैठका काढायचा. शनिवारी मारुतीचा उपास धरायचा, कारण तालमीतला प्रत्येक जण धरायचा. शनिवारीच वस्ताद जोर वाढवून घ्यायचे, कारण त्या दिवशी देव बघत असतो.

पहिले पाच-सहा आठवडे छाती खरोखरच वाढली. दर रविवारी मी माझ्या शाळेच्या शिवणाच्या डब्यातली फीत आणायची, दादा अंगणात उभा राहायचा आणि मी आकडा वाचायची. एकतीस, सव्वाएकतीस, पावणेबत्तीस. आबा आणि वस्ताद दोघेही तो आकडा आपल्या नावावर ऐकायचे.

त्यातच वडिलांचं पार्सल आलं. आत कॅन्टीनमध्ये एका गोऱ्या सार्जंटाकडून घेतलेलं वजनं उचलण्याचं इंग्रजी पुस्तक होतं आणि वर चिठ्ठी: मुलीनं वाचून दाखवावं, मुलानं त्याप्रमाणे करावं.

त्या दिवशी सोप्यात बैठक बसली. आबा आणि वस्ताद घोंगडीवर, दादा उंबऱ्याजवळ, काकी माजघराच्या दाराआड. मी मधे पुस्तक घेऊन बसले. घरात सगळ्यांदेखत मी इतकं कधीच बोलले नव्हते. शिवाय दर दोन पानांआड एक गोरा पुरुष जवळजवळ उघडा उभा होता, आणि वाचायचा मजकूर नेमका त्याच्या शेजारी छापलेला होता. मी त्याच्यावर तळहात ठेवून वाचत होते. दाराआडून काकी म्हणाली, "हात काढ की जरा. आमाला बी कळू दे काय शिकायचं त्ये." वस्ताद जमिनीकडे पाहू लागले.

पुस्तकात सगळं पौंडांत होतं. मी त्याचे शेर करून सांगत होते. लोखंडी दांडी, दोन्ही टोकांना गोल वजनं, छातीवरून कितीदा, खांद्यावरून कितीदा. आबा मान हलवत होते. भावानं पाठवलेलं असल्यामुळे ते चांगलंच असणार होतं. मग ते पान आलं. त्यावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं की हा व्यायाम आठवड्यातून तीनच दिवस करावा, आणि मधल्या दिवशी दुसरी कसलीही मेहनत करू नये, कारण अंग व्यायामात वाढत नाही, विश्रांतीत वाढतं. मी म्हणाले, "इथे सुट्टीचं लिहिलंय."

"सुट्टी?" आबा म्हणाले. "लढाईला सुट्टी आसती व्हय? फुडचं वाच."

वस्ताद हसले. दादाही हसला. मी पुढचं वाचलं.

मी खोटं काही सांगितलं नाही, एक पान फक्त उलटलं. नंतर कित्येक दिवस मी स्वतःला हेच सांगत होते. शाळेत आम्हाला मोठ्यांचं बोलणं मधे तोडू नये असं शिकवलं होतं आणि घरातही तेच शिकवलं होतं. दोन्हीकडचं शिक्षण त्या क्षणी फार सोयीचं पडलं. त्याखाली आणखी एक गोष्ट होती, ती मी तेव्हा स्वतःशीही बोलत नव्हते. वडील आधीच लढाईवर होते. इंचभर कमी छातीचा भाऊ हा निदान घरी असलेला भाऊ होता.

दांडी सांगलीहून आली. एका लोहाराकडे बैलगाडीचा जुना आख मिळाला. लढाईमुळे चकत्यांना लोखंड मिळेना, म्हणून आबांनी तिथल्याच एका पाथरवटाला दगडाच्या चकत्या करायला सांगितल्या: गोल, मधे भोक, दोन जोड. पाथरवटानं जन्मभर दळायची जातीच केलेली. मधे भोक असलेला गोल दगड कशासाठी असतो हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती, त्यामुळे त्यानं हाताच्या सवयीनं चकत्यांना दळायला खरखरीत टाकी लावून दिली, खुंट्यासाठी भोकंही पाडली. दादा विलायती पद्धतीनं वजन उचलायचा तेव्हा दोन्ही टोकांना मिळून एक जातं असायचं. काकीनं चकत्या आल्या त्याच दिवशी हात फिरवून पाहिला आणि टाकी चांगली लागलीय म्हणाली.

आता तिन्ही सुरू झालं. उजाडताच मुसळ घेऊन घाट, मग तालीम, आणि संध्याकाळी मळ्यातून आला की सोप्यात दांडी. यातलं एक काही सोडता आलं असतं असं वाचणाऱ्याला वाटेल. त्यानं आमचं घर पाहिलेलं नाही. मुसळ सोडलं तर आबांचा शब्द पडतो. जोर सोडले तर वस्ताद उद्यापासून आमच्या दारावरून मान फिरवून जातात. दांडी सोडली तर लढाईवरच्या बापाचं ऐकलं नाही असं होतं, आणि ते तर सगळ्यात वाईट. आमच्याकडे थोरल्यांचं सांगणं एकाच्या जागी दुसरं येत नसे. ते एकावर एक रचलं जाई, आणि खाली जो असेल त्यानं ते पेलायचं.

खुराकाचंही तसंच. आबांची कच्ची अंडी, वस्तादांची थंडाई. बदाम मिळत नव्हते म्हणून तिच्यात शेंगदाणे वाटलेले. पुस्तकात दूध लिहिलं होतं, ते मी वाचून दाखवलं होतं, त्यावर कुणाचीच हरकत नव्हती. दादा हे सगळं प्यायचा आणि दुपारी परड्यात जाऊन बराच वेळ परत यायचा नाही.

दांडी पहिल्या दिवसापासून सोप्यात आडवी पडलेली असे. सकाळी काकी सारवायला आली की ती उचलून भिंतीला उभी करी आणि सारवून वाळलं की परत आडवी ठेवी. एकदा मी मदतीला गेले, तर माझ्याच्यानं एक टोकही हललं नाही. तिनं मला बाजूला केलं आणि कमरेला पदर खोचून उचलली. तिची छाती कुणी मोजली नाही.

साडेबत्तीसवर फीत थांबली. पहिल्या रविवारी आबा म्हणाले, फीत ओली झाली असंल. दुसऱ्या रविवारी वस्ताद म्हणाले, हवा बदललीय. तिसऱ्या रविवारी मला फीत दुसऱ्या बाजूनं लावायला सांगितलं, चौथ्या रविवारी जास्त सैल. पाचव्या रविवारी सव्वाबत्तीस भरली. मी आकडा दोनदा वाचला. दादा अंगणात हात वर करून तसाच उभा राहिला, मोजणं संपलं हे त्याच्या लक्षातच आलं नाही.

तो रोडावत नव्हता, पण विझत चालला होता. जेवताना घास हातात धरून त्याला डुलकी लागायची. बैलांना हाक मारताना त्यांची नावं चुकायची; एकदा त्यानं बैलाला "आबा" म्हटलं आणि कुणी ऐकलं नाही म्हणून बरं. चहाची बशी तो दोन्ही हातांनी उचलायचा. तरी चहा मिशीपर्यंत पोचायच्या आधी सदऱ्यावर पडायचा. हे मी पाहत होते. पाहणं हे मला चांगलं जमत असे. काही पाहिलं की ते आत कुठेतरी नीट घडी घालून ठेवायचं, एवढीच माझी त्या घरातली कर्तबगारी होती.

शिवरात्र झाली. पाडव्याला महिना राहिला होता. त्याच आठवड्यात वडिलांचं पत्र आलं आणि आबांनी ते नेहमीप्रमाणे सोप्यात मोठ्यानं वाचलं. सगळं ठीक होतं. पुढच्या फळीवर बरेच दिवस काढल्यावर त्यांच्या कंपनीला मागे आणलं होतं. पंधरा दिवस आराम, आंघोळी, झोप, मग पुन्हा पुढे जाणार. आबांनी तेवढा भाग काकीसाठी दोनदा वाचला. म्हणाले, बरं झालं, जिवाला इसावा मिळाला. काकीनं देवापुढे साखर ठेवली.

दुसऱ्या दिवशी सव्वाबत्तीसाचं काय करायचं ते ठरवायला वस्ताद आले. पुन्हा घोंगडी, पुन्हा उंबऱ्याजवळ दादा. बाजारात दात बघायला उभ्या केलेल्या खोंडासारखा तो दिसत होता, फक्त खोंडाला उभं राहायची ताकद असते. बोलणं फार आदबीनं चाललं होतं. वस्तादांचं मत पडलं की वाढ थांबली याचा अर्थ मेहनत कमी पडते. जोर तीनशेचे पाचशे करावेत. आबांचंही अगदी तेच मत होतं की मेहनत कमी पडते, फक्त ती जोरात नाही, पळण्यात. एका मुसळाऐवजी दोन द्यावीत. वस्ताद म्हणाले, तुमचं बी बरोबर हाय. आबा म्हणाले, तुमचं तर हायच. तेव्हा दोन्ही करायचं ठरलं. संध्याकाळी दांडीला दुसरा जोडही लावायचा, म्हणजे भावाच्या पुस्तकावर अन्याय होणार नाही. तीन रस्त्यांपैकी एक निवडायला ही माणसं बसली होती आणि तिन्ही दुप्पट करून उठायच्या बेतात होती.

मग आबांना माझी आठवण झाली. "काय गं, तुज्या पुस्तकात काय हाय? वाढ थांबली तर काय करायचं लिवलंय?"

नेमकं त्यावर एक अख्खं पान होतं. ते मला पाठ होतं. मी म्हणाले, "बघते," आणि पुस्तक आणायला आत गेले. पुस्तक कोनाड्यात समोरच होतं. मी ते शोधत उभी राहिले.

काकी चुलीपुढे भाकरी थापत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "काल त्याच्या हातनं पान्याचा तांब्या पडला. रिकामा हुता." थापलेली भाकरी तिनं तव्यावर टाकली. मग म्हणाली, "तुला म्हाईत हाय काय लिवलंय त्ये. तोंडावर दिसतंय. तुज्या इंग्रजीचं आमी काय लोनचं घालायचं व्हय, मडम?"

मी बाहेर गेले. बसले नाही, बसले असते तर बोलले नसते. पुस्तक उघडलं, आणि मग मिटलं.

पुढे काय झालं ते आधी सांगते, म्हणजे त्याची काळजी राहायला नको. आठवडा तिघांत वाटला गेला: सोमवारी आबांचं मुसळ, बुधवारी वस्तादांचे जोर, शुक्रवारी वडिलांची दांडी, आणि मधले दिवस दादानं झोपायचं. शनिवारच्या उपासाला वस्तादांनी स्वतःच मारुतीकडून दोन महिन्यांची सूट मागून आणली. कुणाचाच शब्द पडला नाही. पाडव्यानंतर साताऱ्याला दादाची छाती सव्वातेहतीस भरली. आबांनी गावभर सांगितलं की मुसळाचा गुण. वस्तादांनी तालमीत नारळ फोडला. वडिलांनी लिहिलं की पुस्तकाचे पैसे वसूल झाले. दादा पलटणीत गेला, मी दोन रात्री झोपले नाही, आणि त्याचं शिक्षण पुरं व्हायच्या आतच लढाई संपली. त्यानं कुणावर गोळी झाडली नाही. काकीनं दोन्ही जोडांना खुंटे बसवून घेतले. एक जोड आमच्याकडे राहिला, एक तिनं मुसळवाल्या शेजारणीला दिला.

पण त्या दिवशी सोप्यात हे काहीच झालेलं नव्हतं. आबा आणि वस्ताद माझ्याकडे बघत होते आणि दादा उंबऱ्याला टेकून अर्धवट झोपेत होता.

मी म्हणाले, "आठवड्यातून तीनच दिवस लिहिलंय. मधे काहीच करायचं नाही. वाढ थांबली तर आणखी कमी करायचं. हे पहिल्या दिवसापासून लिहिलेलं होतं, मी वाचून दाखवलं नाही."

वस्तादांनी आबांकडे पाहिलं. आबांनी मिशीवरून बोट फिरवलं. मग, माझ्यावर रागावण्यापेक्षा मला समजावणं बरं असं ठरवल्यासारखे, हसले. "अगं, त्ये गोऱ्यांचं. आपल्या पोराला लढाईवर जायचं हाय. मागं बी तुला सांगितलं, लढाईला कवा सुट्टी आसती का?"

"असते, आबा," मी म्हणाले. "काल तुम्हीच दोनदा वाचलीत. बाबा आत्ता सुट्टीवरच आहेत."